आंटींचे वाक्य

दुसऱ्याने लिहिलेले वाक्य समोर आले की माझ्या उजव्या हाताला खाज सुटते. हा माझ्या धंद्यातला रोग आहे. शिंप्याला लोकांच्या सदऱ्यांची काजे दिसतात, तसे मराठीच्या प्राध्यापकाला ऱ्हस्वदीर्घ दिसतात. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, सारे मी मनातल्या मनात तपासून गुण देतो. एकदा पत्नीने हाती दिलेल्या वाणसामानाच्या यादीवरही चुकून लाल रेघ ओढली गेली. त्या दिवशीचा दुपारचा चहा मला स्वतः करून घ्यावा लागला.

या रोगावर मला थोडाफार उतारा पडला तो रोमच्या निमित्ताने. हे वाचून वाचक बुचकळ्यात पडतील. अंधेरीत राहणारा, घरी गणपती बसवणारा मराठीचा मास्तर, याचा आणि रोमचा संबंध काय? तो संबंध आमच्या शेजारच्या आंटींनी जोडला.

आमची इमारत अंधेरी पूर्वेला एका जुन्या गावठाणाला टेकून उभी आहे. खिडकीतून खाली पाहिले की कौलारू घरांची एक ओळ अजून शिल्लक दिसते. गल्लीच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला दगडी क्रूस आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्या काळात गावोगाव असे क्रूस उभे राहिले. हा त्यांतलाच, असे इथले लोक सांगतात. पलीकडे मेट्रोचा खडखडाट आणि वर विमानांची ये-जा. या सगळ्या गदारोळात ते गावठाण एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखे पाय पोटाशी घेऊन बसले आहे.

इथले मूळचे रहिवासी ईस्ट इंडियन. पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांनी हे पूर्वेकडचे नाव का घेतले, असा प्रश्न मला इथे राहायला आल्यावर पडला होता. उत्तर सोपे निघाले. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली, त्या मुहूर्तावर यांनी हे नाव धारण केले. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, इथल्याच मातीतले, हे सरकारदरबारी कळावे हा हेतू. धर्म मात्र त्याच्या पुष्कळ आधीचा. वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली १५३४ साली. आमच्या घरापासून फार लांब नाही, तिथे सीप्झच्या आवारात जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेल्या देवळाच्या भिंती अजून उभ्या आहेत. १८४० च्या सुमारास साथ आली तेव्हा लोक ते देऊळ सोडून मरोळला आले. आता हिरे आणि संगणक यांच्या कारखान्यांमध्ये ते एकटेच उभे असते आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा होते.

आणि या लोकांची घरातली भाषा मराठी. माझ्या वर्गातल्या मुलांना हे अजून खरे वाटत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा एका मुलाने मला विचारले होते, "सर, ते मराठी कधी शिकले?" मी त्याला आंटींकडे पाठवायला हवे होते.

आंटींचे वय ऐंशीच्या पुढे. मराठीच्या प्राध्यापकाने शेजारणीला आंटी म्हणावे ही शोभेची गोष्ट नव्हे. पण सारी गल्ली तेच म्हणते आणि त्या मला मास्तर म्हणतात. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या येतात, दिवाळीत आमच्याकडून करंज्या जातात. दोन्ही पदार्थ एकच आहेत हे दोन्ही घरांना ठाऊक आहे, पण तसे कोणी बोलून दाखवत नाही. शेजारधर्म एवढ्यावर छान चालला होता.

२०२२ च्या सुरुवातीची गोष्ट. तोंडावरच्या मुखपट्ट्या अजून उतरल्या नव्हत्या. एका संध्याकाळी आंटींचा नातू एक कागद घेऊन आला. "सर, ग्रँडमा बोलावते. सिनॉडची मीटिंग आहे. तुम्ही मराठीत लिहून द्याल?"

सिनॉड हा शब्द मला इतिहासाच्या पुस्तकापुरता माहीत होता. १५९९ साली केरळात उदयंपेरूरला एक भरला होता. तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांना आपल्या वळणावर आणण्याचा पोर्तुगीजांचा तो खटाटोप होता आणि त्याची आठवण तिकडे अजून कडू आहे. तेव्हा सिनॉड म्हणजे वरून खाली येणारा हुकूम, अशी माझी समजूत. हा प्रकार उलटा निघाला. १९६५ साली पोप सहावे पॉल यांनी बिशपांचा सिनॉड सुरू केला तो बिशपांनी पोपना सल्ला द्यावा म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला नवीच कलाटणी दिली. आधी जगातल्या प्रत्येक धर्मग्रामात साध्या माणसांना विचारा, मग बिशपांनी बसावे. जे देवळात यायचे थांबले त्यांनाही विचारा आणि परधर्माच्या शेजाऱ्यांनाही. म्हणजे मी नुसता लेखनिक नव्हतो, पाहुणा साक्षीदारही होतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकत्र वाट' असा. तो ऐकताच मला वारी आठवली. आळंदीहून निघालेल्या दिंडीतही वाट एकच असते आणि पायांना फोड आलेल्यासाठी पुढचे थांबतात.

आंटींच्या पडवीत पंधरावीस माणसे जमली होती. मुंबईच्या महाधर्मप्रांतात अशा शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे लहान लहान समूह पुष्कळ वर्षांपासून आहेत. दहावीस घरे मिळून एक समूह, आणि सभा कुणाच्या तरी घरीच. मेणबत्ती लावली. प्रश्न दोनच होते: आपण सारे एकत्र चाललो आहोत का, आणि पुढचे पाऊल कोणते? रीत मात्र अजब होती. पाळीपाळीने प्रत्येकाने बोलायचे, मध्ये तोंड घालायचे नाही, खोडून काढायचे नाही. मग थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचे. दुसऱ्या फेरीत स्वतःचे घोडे न दामटता दुसऱ्याच्या बोलण्यातले काय मनाला लागले तेवढेच सांगायचे.

वाचकहो, मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभांना बसलेला माणूस आहे. पाण्याच्या टाकीवरून तिथे जे होते ते मी पाहिले आहे. त्यामुळे त्या पडवीतली शांतता मला पहिल्यांदा सोसवेना. कुणीतरी काहीतरी बोलावे म्हणून मी विमानाची वाट पाहू लागलो.

एका गृहस्थांनी तरुण मुले देवळात येत नाहीत म्हणून खंत केली. एक तरुण म्हणाला, येतो, पण आम्हांला खुर्च्या मांडण्यापुरतेच बोलावतात. घर भाड्याने घेऊन राहणाऱ्या एका बाईंनी, चार वर्षे झाली तरी आपल्याला कोणी नावाने ओळखत नाही, असे सांगितले, तेव्हा शेजारच्या बाई खाली पाहू लागल्या. मी भराभर लिहीत होतो. मग पाळी आंटींची आली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जपमाळ हातात फिरवीत राहिल्या. शेवटी म्हणाल्या,

"माना आजवर कोनी इचारलाच नाय."

एवढेच. मग हळूहळू बाकीचे आले. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. ती कळत नसे, पण कुणालाच कळत नसल्यामुळे दुःख नव्हते. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, १९६२ ते ६५ या काळात, लोकांच्या भाषेला वाट मोकळी केली. तेव्हा आंटी ऐन तारुण्यात होत्या. आता आपल्या बोलीत देवाशी बोलता येईल म्हणून आनंदल्या. मराठी मिस्सा आली, गाणी आली. पुढे मुले इंग्रजी शाळेत गेली, गल्लीत नवे लोक आले, आणि पाहता पाहता आजूबाजूचे सगळे इंग्रजी झाले. मराठी मिस्सा अजून होते, पण घरच्यांबरोबर जायचे तर इंग्रजीलाच जावे लागते. नातू शेजारी बसून प्रार्थना म्हणतो ती आजीला कळत नाही. आजी पुटपुटते ते नातवाला कळत नाही. आपल्या मातीच्या दिवशी आपल्यासाठी काय म्हणतील ते आपल्याला समजेल की नाही, ही त्यांची काळजी होती. मेलेल्याला समजते का, असे त्या वेळी कोणी विचारले नाही. नियमच होता ना, मध्ये बोलायचे नाही.

मी घरी आलो, टेबलाशी बसलो आणि हाताला खाज सुटली. तासाभरात सुरेख मजकूर तयार झाला. आंटींचे वाक्य मी असे लिहिले होते: 'धर्मजीवनातील सहभागाविषयी ज्येष्ठ श्रद्धाळू महिलांच्या मतांची आजवर पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.' दुसऱ्या दिवशी तो सर्वांसमोर वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आंटींनी मात्र मला दोनदा वाचायला लावले.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "पन माजा नाय, मास्तर. तुजा हाय."

मला लाज वाटली. आणि ती दुप्पट वाटली, कारण त्याच आठवड्यात मी वर्गात महानुभाव वाङ्मय शिकवत होतो. म्हाइंभटांनी माणसामाणसांकडे जाऊन चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले, हे दरवर्षी सांगतो. नागदेवाचार्यांनी पंथातले लेखन संस्कृतात होऊ नये असा आग्रह धरला, का, तर पंथातल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, हेही सांगतो. या जागी माझा आवाज थोडा भरून येतो. मुलांना ते पाठ आहे. तेराव्या शतकातल्या म्हाताऱ्यांसाठी माझे हृदय असे दाटून येते. आणि शेजारच्या पडवीतल्या म्हातारीचे पाच शब्द मी तत्परतेने संस्कृतात घालून आलो होतो.

मी कागद परत घेतला आणि आंटींचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. 'कोनी' हा न असलेला शब्द लिहिताना हात थरथरला, हे कबूल करतो.

तो कागद पुढे कुठवर गेला? वाट लांबची होती. धर्मग्रामाचे टिपण महाधर्मप्रांताकडे. तिथे शेकडो टिपणांचे मिळून फार तर दहा पानांत सार करायचे, असा दंडक. तिथून देशाच्या बिशप परिषदेकडे. जगातल्या ११४ पैकी ११२ परिषदांनी आपापली टिपणे रोमला पाठवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आशियाची सभा बँकॉकला झाली. मग ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ अशा दोन वेळा रोमला महिना महिना बैठक. तिथेही तीच आंटींच्या पडवीतली रीत. गोल टेबलांभोवती कार्डिनल आणि साधी माणसे शेजारी शेजारी, पाळीने बोलणे, मध्ये शांतता. आणि बायकांना मत देण्याचा अधिकार, सिनॉडच्या इतिहासात पहिल्यांदाच.

दहा पानांच्या साराच्या वरवंट्याखाली 'माना' आणि 'इचारला' टिकले असतील असे मला वाटत नाही. आमच्यासारखे हातखाज असलेले लोक प्रत्येक पायरीवर बसलेले असणारच. मात्र २६ ऑक्टोबर २०२४ ला शेवटच्या मसुद्यावर कलमवार मतदान झाले, त्याचे आकडे मी मुद्दाम पाहिले. एकूण १५५ कलमे, सगळी मंजूर. सर्वांत जास्त विरोध झाला तो साठाव्या कलमाला: बाजूने २५८, विरुद्ध ९७. ते कलम बायकांविषयीचे होते. त्यांना पुढाकाराच्या जागा नाकारण्याचे कारण नाही, आणि डीकनच्या, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा, प्रश्न अजून खुला आहे, असे त्यात म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी वेगळे पत्रक न काढता तोच मसुदा जसाच्या तसा मान्य केला.

मी हे आंटींना समजावून सांगितले. त्यांना डीकन होण्यात रस नव्हता. "सत्त्याण्णव?" एवढेच त्यांनी विचारले आणि शेंगा सोलू लागल्या.

त्यांना रस होता तो गल्लीतल्या गोष्टीत. त्या सभेनंतर समूहाने एक ठरवले होते. मे महिन्यात क्रूसापाशी रोज संध्याकाळी जपमाळ होते, तीत आठवड्यातून एक दिवस सगळे मराठीत म्हणायचे आणि शुभवर्तमानातला उतारा मुलांनी वाचायचा. अडचण अशी की मुलांना देवनागरी धड वाचता येत नाही. तेव्हा नातू पुन्हा माझ्याकडे आला. उतारा रोमन अक्षरांत लिहून हवा होता. माझ्यासारख्याने मराठी रोमन लिपीत लिहायची! पण विचार करता राग निवळला. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले तेही रोमन अक्षरांतच. देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. चारशे वर्षांनी अंधेरीला तीच पाळी आली, इतकेच.

२०२५ चा मे. २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस गेले होते, ८ मे रोजी पोप चौदावे लिओ निवडून आले होते. नव्या नावाची अजून कुणाला सवय झाली नव्हती. प्रार्थनेत दोघांनी चुकून जुनेच नाव घेतले. खिडकीत उभे राहून ऐकण्याऐवजी मी खाली जाऊन एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. पुढची सभा २०२८ साली रोमला आहे, असे कुणीतरी कुणाला सांगत होते. आंटींनी ठेवणीतले लुगडे नेसले होते.

नातू कागद घेऊन उभा राहिला. 'ळ' साठी मी त्याला अक्षराखाली खास रेघ मारून दिली होती, दोन संध्याकाळ घोटूनही घेतला होता. 'डोळे' हा शब्द आला. तो अडखळला, आजीकडे पाहिले आणि स्वच्छ 'डोले' म्हणाला.

आंटींनी समाधानाने मान हलवली. घरात त्या स्वतः तसेच म्हणतात. माझी बोटे एकदा वळवळली. मी ती खुर्चीच्या हाताखाली दाबून धरली आणि पुढचे ऐकू लागलो.