नात, आजी आणि थिबा राजाचा वाडा

चालायला लागलेलं मूल घेऊन आपण बायका जत्रेला जातो, लग्नाला जातो, देवदर्शनाला तर जातोच. पण वस्तुसंग्रहालय म्हटलं की, ‘त्याला काय कळतंय? शाळेत जाऊ दे, मग बघू,’ असं होतं. मोठ्या माणसांचंही तसंच. ‘त्यांचे गुडघे दुखतात, राहू दे घरी!’ असं म्हणत ज्यांना न्यायला हवं ती दोन्ही माणसं घरी राहतात.

आम्ही पोफळीची मंडळी. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं हे गाव. डोंगरापलीकडच्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून इकडे उतरतं, जमिनीच्या पोटातल्या वीजगृहात जनित्रं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. आमचे हे तिथेच नोकरीला. पाळ्यांचं काम, त्यामुळे रविवार आमच्या वाट्याला क्वचितच. थंडीतल्या एका रविवारी पहाटे निरोप आला, पाळी बदलली म्हणून. चहा पिता पिता हे म्हणाले, “अगं, चल, रत्नागिरीला जाऊन थिबा राजाचा वाडा बघून येऊ. आईलाही घेऊ.”

शंभरावर किलोमीटरची वाट, अडीच वर्षांची चिऊ आणि सत्तरीच्या सासूबाई! पण बेत आठवडाभर आधी ठरला असता तर शंभर अडचणी निघाल्या असत्या. अर्ध्या तासात दहीभाताचा डबा, केळी, पाण्याची बाटली, चिऊचे दोन जादा कपडे आणि एक जुनी चादर एवढं पिशवीत भरलं नि निघालो. चिपळूण सोडेपर्यंत चिऊ झोपली ती थेट हातखंब्यापर्यंत.

ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाची गोष्ट आपण शाळेत ओझरती ऐकलेली असते. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेचं राज्य घेतलं आणि राजाला राणीसह देशाबाहेर नेलं. आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला. हा वाडा १९१० मध्ये तयार झाला. लाल रंगाची ऐसपैस वास्तू, उतरती छपरं, अर्धगोल कमानीच्या लाकडी खिडक्या आणि समोर दूरवर भाट्याची खाडी. एवढ्या थाटाच्या घरात राजा नजरकैदेतच राहिला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली. राजा मात्र कायमचा इथेच राहिला.

चिऊला यातलं काही नको होतं. जुन्या दगडी मूर्तींकडे तिनं एकदा पाहिलं, “बाप्पा” म्हणून हात जोडले, की झालं दर्शन. तिचा सगळा जीव जिन्याच्या पायऱ्यांवर आणि खिडकीतून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या कवडशांवर. आम्ही तिला ओढून पुढे नेलं नाही. आळीपाळीनं एकानं तिच्यापाशी थांबायचं, दुसऱ्यानं बघून यायचं. मग ह्यांनी तिला कडेवर घेऊन राजाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकली आणि विचारलं, “लाजा घली गेला?”

ह्यांना पटकन उत्तर सुचेना. सासूबाई बाहेरच्या पायरीवर टेकल्या होत्या. त्यांनी तिला मांडीवर घेतलं. “नाही गं बाय. त्याला घरी जायलाच मिळालं नाही.” थोडं थांबून म्हणाल्या, “तुझ्या आजीचंपण गाव होतं. ते पाण्याखाली गेलं.”

सासूबाईंचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, धरणात गेलेलं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्या पायरीवर बाकीचं कळलं. त्या तेव्हा सात-आठ वर्षांच्या. भांडीकुंडी बाहेर काढून झाल्यावर त्यांच्या आईनं घर झाडून घेतलं आणि चूल शेणानं सारवली. “आता कशाला सारवतेस?” असं कुणीतरी म्हणालं. ती म्हणाली, “पारोसं घर ठेवून जायचं का?”

हे गप्पच झाले. मग हळूच म्हणाले, “आई, इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“कुणी विचारलंच नाही रे. त्या पाण्यावर दिवे लागले, तुझं घर चालतंय, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आपलं गाव ते आपलं गाव.”

रोज ज्या पाण्यावर हे काम करतात, त्याच पाण्याखाली त्यांचं आजोळ आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी कधी हे दोन धागे जोडून पाहिले नव्हते. झाडाखाली चादर अंथरून दहीभात खाल्ला आणि उन्हं कलायच्या आत परत निघालो.

मैत्रिणींनो, असं मूल घेऊन निघालात तर चार गोष्टी सांगते. सरकारी वस्तुसंग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा तो वार टाळा. मुलाची झोप प्रवासात होईल अशा बेतानं निघा. आत जाण्याआधी त्याचं पोट भरलेलं असू दे. तासाभरापेक्षा जास्त रेंगाळू नका आणि सगळं बघायचा हट्टही धरू नका. दोन दालनं राहिली तर पुन्हा यायला निमित्त होतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्याच. त्यांना टेकायला जागा कुठे आहे ते मात्र आधी बघून ठेवा.

आमच्याकडे आता रोज रात्री चिऊ आजीजवळ ‘पाण्यातल्या गावाची’ गोष्ट मागते. मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. शेतांची नावं, ओढ्याचं नाव, देवळापुढच्या आंब्याचं नाव असं जे जे सासूबाईंना आठवेल ते झोपण्यापूर्वी वहीत उतरवून ठेवते. चार पानं भरली आहेत.