वीज गेली तर?

नवे यंत्र घरात आले की तरुण मंडळी ते चालू कसे करावयाचे हे विचारतात, आणि वृद्ध मंडळी ते मध्येच बंद पडले तर काय, हे विचारतात. पहिल्या प्रश्नाला आपण जिज्ञासा म्हणतो. दुसऱ्याला भित्रेपणा म्हणून हसतो. हा न्याय कितपत खरा, याचा विचार मला गेल्या पावसाळ्यात एका कातारी कुटुंबात बसून करावा लागला.

हे घर खानापूरच्या बाजूला आहे. वडिलांनी आयुष्यभर लाकूड कातले. पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणी, पोळपाट, जे लोकांना लागले ते त्यांच्या हातून उतरले. आता मुलगा त्याच पडवीत विजेचा लेथ लावून फणसाच्या व सागाच्या वाट्या कातून बेळगावच्या दुकानांत देतो. वडिलांच्या डाव्या भुवईवर एक रुंद व्रण आहे. फार वर्षांपूर्वी लेथवरून सुटलेले भांडे तेथे लागले होते. डोळा थोडक्यात वाचला.

मुलाची अडचण साधी होती. वाटी आतून-बाहेरून कातून झाली तरी तिच्या बुडाला स्क्रूची भोके राहतात. ती काढण्यासाठी वाटी उलटी धरावी लागते. पण पातळ काठाला पकड घट्ट केली तर काठ तडकतो, आणि सैल ठेवली तर वाटी सुटते. यावर उपाय म्हणून त्याने अर्धा अश्वशक्तीचा एक निर्वात पंप आणला. लेथचा दांडा आतून पोकळ असतो. त्याच्या एका टोकाला रबरी काठाचा वाडगा बसवावयाचा, दुसऱ्या टोकाला फिरता सांधा लावून नळी पंपाला जोडावयाची. वाटी त्या रबरावर टेकवून पंप सुरू केला की आतली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा वाटीला दाबून धरते.

वडिलांना हे पसंत नव्हते. “फादर, नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर लाकूड फिरवायचे? तुम्हीच सांगा याला,” असे म्हणून त्यांनी मला मध्ये घातले.

वाऱ्याचा हा भरवसा काही लहानसहान नाही. सतराव्या शतकात इटलीत तोरिचेल्ली यांनी पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले की हवेला वजन आहे. पुढे जर्मनीत ओटो फोन गेरिके यांनी पंप तयार केला, आणि तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतली हवा काढली, तेव्हा घोड्यांनाही ते सहजी विलग करता येईनात. त्या पंपाचे वर्णन 1657 साली प्रथम छापून प्रसिद्ध केले ते गास्पार शॉट या येशूसंघीय धर्मगुरूंनी. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे एक किलो असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे. म्हणून आपल्याकडे पारा 760 ऐवजी सुमारे 695 मिलिमीटरच चढतो. पंपाच्या तबकडीवर आकडे तीस इंचांपर्यंत असतात, पण येथे काटा सव्वासत्तावीसच्या आसपासच थांबणार. त्यात पंपाचा दोष नसतो. रबरी वाडगा दहा सेंटिमीटर रुंदीचा असेल आणि पंपाने त्यातली तीनचतुर्थांश हवा काढली, तर वाटीवर सुमारे 55 किलोंचा दाब पडतो. लाकूड सच्छिद्र असल्यामुळे त्यातून हवा सारखी झिरपत राहते. म्हणून पंप किती खोलवर ओढतो याइतकेच तो मिनिटाला किती हवा ओढतो, याला महत्त्व असते. उलटपक्षी वाटी फार पातळ असेल तर हाच दाब तिला चिरडून टाकील. याकरिता नळीवर एक लहान तोटी ठेवून थोडी हवा मुद्दाम आत घ्यावी लागते.

हे सर्व मी वडिलांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि वीज गेली तर?”

मुलाने पंप आणि लेथ एकाच बटणावर घेण्याचे ठरविले होते. एका बटणात दोन्ही चालू, एका बटणात दोन्ही बंद. दिसावयास किती सुटसुटीत! परंतु वीज गेली की पंप तत्काळ थांबणार, लेथ मात्र वेगात असल्यामुळे आणखी काही वेळ फिरत राहणार, आणि तेवढ्यात झिरपलेल्या हवेने पकड सुटणार. आणि वीज परत आली तर? वाटी नीट धरली जाण्याच्या आधीच लेथ गरगरू लागणार. आमच्या भागात पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते-येते, हे वाचकांना सांगावयास नको. वृद्धाच्या त्या चार शब्दांत सबंध जोडणीचा आराखडा सामावला होता.

मग आम्ही परवानाधारक वायरमनला बोलावले. पंपासाठी मुख्य फलकावरून निराळी लाईन ओढली आणि तिला तिचा स्वतंत्र स्विच व सर्किट ब्रेकर दिला. अशी मोटर 230 व्होल्टवर चालताना सुमारे तीन अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढते. दिव्याच्या होल्डरमधून वायर काढण्याची गावोगावची रीत येथे चालत नाही. स्विच फेजच्या तारेवर बसविला, न्यूट्रलवर नव्हे; नाही तर स्विच बंद असूनही मोटरमध्ये वीज राहते. पंप, मोटर व लेथ या तिन्हींचे लोखंडी अंग अर्थिंगच्या तारेला जोडले, आणि 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे साधन फलकात बसविले. भुसा मोटरमध्ये शिरू नये म्हणून मोटर बंद आवरणाची घेतली, आणि पंपाच्या तोंडाशी गाळणी लावली.

लेथला निराळा स्टार्टर दिला. वीज गेली की तो आपोआप सुटतो, आणि वीज आल्यावर माणसाने हाताने दाबल्याखेरीज पुन्हा लागत नाही. त्याच्या कॉईलच्या वाटेत निर्वाताच्या दाबावर चालणारा एक छोटा स्विच घातला. त्यामुळे पकड पुरेशी झाल्यावाचून लेथ सुरूच होत नाही, आणि पकड ढिली पडू लागली की लेथची वीज आपोआप तुटते. तरीही वेगात असलेला लेथ जागच्या जागी थांबत नाही. म्हणून नळीवर एक जाड पोलादी टाकी बसविली, आणि टाकी व पंप यांच्यामध्ये हवा मागे येऊ न देणारी झडप लावली. टाकी पातळ पत्र्याची चालत नाही. बाहेरची हवा तिला आत चेपून टाकते.

जोडणी पुरी झाल्यावर वडील लेथपाशी आले. लेथ थांबलेला होता, वाटी रबरावर धरलेली होती. त्यांनी स्वतः पंपाचा मुख्य स्विच खाली ओढला, दोन्ही हातांनी वाटी धरली आणि मोठ्याने अंक मोजू लागले. काटा हळूहळू उतरत होता. चाळिसाच्या पुढे गेल्यावरही वाटी त्यांना हलविता येईना. नंतर मुलाने रिकामा लेथ पूर्ण वेगाने फिरवून वीज तोडली. तो अकरा अंकांत थांबला. वडिलांनी दोन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवले, आणि मुलाला बजावले की सच्छिद्र लाकडाची वाटी असेल तेव्हा ही मोजणी पुन्हा करावयाची, लेथचे मागचे टोक शेवटच्या कातीपर्यंत वाटीला टेकलेले ठेवावयाचे, आणि चेहऱ्यावर जाळी घातल्यावाचून पटाशी उचलावयाची नाही.

मुलगा हसला नाही. त्याने त्या आकड्यांखाली तारीख लिहिली.

आपल्या घरांत आज मोटरी, मिक्सर, गिरण्या आल्या आहेत, आणखी येतील. त्या आणताना घरातील वडीलधाऱ्यांना एकदा जवळ बसवून घ्यावे. त्यांना यंत्राचे नावही उच्चारता येणार नाही कदाचित. परंतु काय सुटते, काय तुटते आणि कोणाला लागते, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांची शंका ऐकून घ्यावी, आणि ती वायरमनच्या कानांवर घालावी.