दानानंतरची शिवण

सटाणा हे दानाची गोष्ट पुजणारे गाव आहे. १८७०-७१च्या दुष्काळात मामलेदार यशवंत महादेव भोसेकरांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला आणि पुढे आरम नदीकाठी त्यांचेच मंदिर उभे राहिले. त्यामुळे आमच्या वहिनींनी दादांना मूत्रपिंड दिले, तेव्हा गावाने ही गोष्ट चटकन ओळखली. भेटायला येणारा प्रत्येक जण ती आम्हांलाच पुन्हा सांगे. दादा शस्त्रक्रियागृहातून सुखरूप बाहेर आले की सांगणाऱ्याची गोष्ट संपे. आम्ही घरातली दोघे साहित्य शिकवतो. आमच्या मते तिथे थांबणे हा निव्वळ कथनाचा आळस आहे.

नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवत नाहीत. जुनी दोन्ही बहुधा तशीच राहतात. नवे पोटाच्या खालच्या भागात, बरेचदा उजवीकडे ठेवून पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. त्यासाठी कंबरेच्या हाडाजवळून जांघेच्या दिशेने वळणारी तिरकी चीर द्यावी लागते. वरची त्वचा लवकर मिटते, पाहणाऱ्याचे समाधान होते. पण पोटाची भिंत पेलून धरते ते स्नायूंवरचे पांढरे, चिवट आवरण. तिथली शिवण उसवली की आतले बाहेर डोकावू लागते. याला मराठीत अंतर्गळ असा जुना शब्द आहे. हर्निया म्हटले की नुसता फुगवटा दिसतो. अंतर्गळ म्हटले की आतून काही निसटत असल्याचे जाणवते. असो.

पेच असा, की जी औषधे मूत्रपिंड राखतात, तीच जखमेच्या मुळावर येतात. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून त्याचा प्रतिकार दडपायचा, आणि जखम भरून यायची तीही बऱ्याच अंशी त्याच यंत्रणेच्या बळावर! स्टेरॉइडने जखम भरणे लांबते. सिरोलिमसने इतके, की पहिल्या काही आठवड्यांत ते सहसा टाळतात. त्यात मधुमेह, स्थूलपणा, तंबाखू किंवा जखमेतला जंतुसंसर्ग यांची भर पडली, तर धोका आणखी वाढतो.

शिवणाऱ्या हाताचे महत्त्वही मोठे. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये नेदरलँड्समधील ५६० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. एक सेंटिमीटरच्या टाक्यांऐवजी पाच मिलिमीटरचे, जवळजवळ टाके घातल्यावर वर्षभरातील अंतर्गळाचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. ती चीर पोटाच्या मध्यरेषेतली होती, प्रत्यारोपणाची तिरकी. म्हणून तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. मात्र बारीक टाक्यांत ताण वाटला जातो, हे गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला पटवून द्यावे लागत नाही.

उरलेले काम घराचे, आणि ते कमालीचे नीरस. उठताना कुशीवर वळून हाताचा आधार घ्यायचा. खोकला आला की पोटाशी उशी दाबायची. शौचाला कुंथायचे नाही. डॉक्टर परवानगी देईपर्यंत जड काही उचलायचे नाही. डाळिंबाचा हंगाम आला आणि दादांचा हात वीस किलोच्या क्रेटकडे गेला. आम्ही अडवल्यावर ते चिडले, "मी काय काचना शे का?" वहिनी आतूनच म्हणाल्या, "काचना नही, शिवेल शेतस."

हे बोलणाऱ्या वहिनींच्या पोटावरही शिवण आहे, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. मूत्रपिंड दुर्बिणीतून सोडवले, तरी ते बाहेर काढण्याएवढी चीर लागतेच. गोष्टीत त्या दात्या; म्हणून धडधाकट, आणि धडधाकट बाईने हंडा उचलायचा हे गृहीतच. शेजारच्या काकूंनी तर त्यांना 'आता तुम्हीच घर सावरायचं' असे कौतुकाने बजावले. त्या कौतुकाचा आम्हांला राग आला. मग आम्ही वहिनींनाही दादांचेच नियम लावून टाकले. नळाला पाणी आले की पुतण्या हंडे भरतो, आणि दोघे ओट्यावर बसून त्याच्या सांडासांडीवर टीका करतात.