आडवे गेलेले मांजर

मांजर आडवे गेले की चार पावले मागे सरावे, ही शिकवण आम्हांस कोणी मुद्दाम दिली नाही. लहानपणी ती पायांना आपोआप लागली. पुढे शाळा झाली, चार पुस्तके वाचून झाली, अंधश्रद्धेवरील प्रवचनेही ऐकून झाली. परंतु ती पायांतून गेली नाही. अखेरीस ती गेली ती मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकामुळे, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात आमच्या पडवीत, जळणाच्या लाकडांमागे, एक मांजरी व्याली. पिल्लांपैकी एकच जगले, आणि ते नेमके काळेकुट्ट. त्याच आठवड्यात आमची गाय आटली आणि धाकट्यास ताप भरला. "काळे मांजर घरात ठेवू नये, बरे नव्हे ते," असे शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी सुचविले. आम्ही हसून ते बोलणे टाळले खरे. पण मनात एक बेत आखला. रविवारी संध्याकाळी पिल्लू पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावयाचे. हा बेत आम्ही घरात कोणालाही सांगितला नाही. ज्या गोष्टीची लाज वाटते ती मनुष्य गुपचूपच करतो.

त्या सुटीत आमची अकरा वर्षांची भाची वडोदऱ्याहून आली होती. तिच्या पेटीत एक इंग्रजी पुस्तक होते. रात्रीची जपमाळ आटोपली की अंगणात चटई पसरून ती त्यातील एकेक प्रकरण मुलांना मराठीतून सांगे, आणि आम्ही ओट्यावर बसून, आपले लक्ष नाही असे दाखवीत, ऐकत असू.

पुस्तकाचे नाव 'टाइम कॅट'. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे लेखक लॉइड अलेक्झांडर यांनी ते १९६३ साली प्रसिद्ध केले. तोवर ते मुख्यतः मोठ्यांसाठी लिहीत. मुलांसाठी लिहिलेली ही त्यांची पहिलीच अद्भुतकथा. पुढे १९६९ साली त्यांना दुसऱ्या एका पुस्तकासाठी न्यूबेरी पदक मिळाले. त्यांच्या घरी मांजरे असत, आणि ते पानोपानी जाणवते.

कथा अशी : जेसन नावाच्या मुलाचा दिवस वाईट गेला आहे आणि त्याची रवानगी त्याच्या खोलीत झाली आहे. सोबतीला गॅरेथ हा त्याचा काळा बोका. त्याचे डोळे नारिंगी आणि छातीवर पांढरी खूण. मांजरास नऊ आयुष्ये असतात, अशी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत म्हण आहे. परंतु गॅरेथ म्हणतो की आयुष्य एकच. नऊ निरनिराळ्या काळांत जाऊन येण्याची शक्ती मात्र मांजराच्या अंगी असते. मग दोघेही निघतात. इ. स. पूर्व २७०० च्या मिसर देशात त्यांना एक राजा भेटतो. मांजरानेही आपली आज्ञा पाळावी, असा त्याचा हट्ट! प्रेम हुकमाने मिळत नाही, हे त्यास शिकावे लागते. इ. स. ४११ च्या आयर्लंडात त्यांना सुकाट नावाचा तरुण भेटतो. हाच पुढे संत पॅट्रिक होणार, हे कळताच आमची मुले चटईवर उठून बसली. जपान, इटली, पेरू असा प्रवास करीत ते १६०० सालच्या जर्मनीत पोहोचतात.

त्या रात्री अंगण शांत होते. मांजर बाळगणाऱ्या साध्या माणसांवर त्या प्रकरणात चेटकाचा आळ येतो. सांगता सांगता भाची थांबली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "मामा, त्या लोकांनी मांजराचे एवढे काय पाहिले होते हो?"

आम्हांस उत्तर देता येईना. परसदारी खुंटीवर पोते टांगलेले होते.

ती गोष्ट जरी कल्पित असली, तरी ते वर्ष कल्पित नव्हे. पंधराव्यापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपात चेटकाच्या आरोपावरून सुमारे ४०,००० ते ६०,००० माणसे मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हा दोष एका पंथाचा नव्हे. कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही मुलखांत हे घडले. आणि त्याच जर्मनीत फ्रीड्रिख श्पे या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६३१ साली ग्रंथ लिहून निक्षून सांगितले की छळाने काढलेला कबुलीजबाब हा पुरावाच नव्हे, कारण यातना असह्य झाल्या की निरपराधही वाटेल ते कबूल करतो. तो ग्रंथ त्यांना निनावी काढावा लागला. भीती जेथे न्यायासनावर बसते तेथे खरे बोलणाऱ्यासही नाव झाकावे लागते.

त्या रात्री झोप लागेना. आमची भीती तेवढी मोठी नव्हती, हे खरे. परंतु जात तीच होती. गाय आटली ती तिची वेळ आली म्हणून. ताप आला तो मुलांना येतो तसाच. हे दोन्ही आम्हांस ठाऊक होते, आणि तरीही दोष आम्ही टाकला तो ज्यास बोलता येत नाही त्याच्यावर. आज पिल्लू, तर उद्या गावातील एखादी एकटी म्हातारी, पोते तेच! सकाळी आम्ही ते खुंटीवरून काढले आणि त्यात भाताचा कोंडा भरला.

गॅरेथ परदेशी आणि परकाळी बोलतो. घरी परतल्यावर मात्र तो बोलत नाही. आमचे पिल्लूही बोलत नाही. हाक मारली तर येत नाही, आणि नको तेव्हा मांडीवर येऊन बसते. मिसरच्या त्या राजाची आठवण ठेवून आम्ही हुकूम करणे सोडून दिले आहे.

भाची परत गेल्यानंतरची गोष्ट. बाजारास निघालो असता पायरीवरच ते आडवे गेले. जुन्या सवयीने पाऊल थबकले. मग आम्ही, ओट्यावरून धाकटा पाहत होता म्हणून म्हणा, तसेच पुढे गेलो. त्या दिवशी आमची दोन कामे होती. एक झाले, एक राहिले. इतर दिवशीही बहुधा असेच होते.