पट्टी खिळ्यांच्या वाटेत नाहीच!

पट्टी खिळ्यांच्या वाटेत नाहीच! हे उमगलं तेव्हा मी मिनेसोटात, लेकीच्या शेजाऱ्याच्या गॅरेजात, बर्फावरच्या गाडीखाली मान घालून पडलो होतो, आणि लेक ओरडत होती, "बाबा, उठा, फरशी गार आहे!"

माझं आयुष्य निपाणीत ट्रॅक्टर खोलण्यात गेलं. उसाचे, तंबाखूचे, खानापूरकडं चिखलणीला केज व्हील, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चाकं, लावून राबलेले. पण स्नोमोबिल पहिल्यांदाच बघितली. पुढं दोन स्की, मागं चाकच नाही, रबराचा रुंद पट्टा! गोठलेल्या तळ्यावर घसरू नये म्हणून त्यात पोलादी खिळे आरपार घालून नटानं आवळलेले, टोकाला कार्बाइड. हा पट्टा ज्या ॲल्युमिनियमच्या खोक्याखाली फिरतो, तो टनेल. आणि इंजिनाचं पाणी थंड करणारा कूलर कुठं? त्याच टनेलच्या छताला, आतून! म्हणजे मडगार्डच्या आत रेडिएटर टांगल्यासारखंच की. पट्टा बर्फ उडवतो, त्यानं कूलर गार राहतो. झकास! पण पट्टा ढिला असला तर वेगात, ब्रेक दाबताना वर उसळतो, आणि खिळे थेट कूलरात. शेजाऱ्याचा गेल्या हिवाळ्यात असाच फुटला. पाणी गळून गेलं, इंजिन तापलं.

मी असतो तर खिळे लागतात तिथंच जाड पत्रा मारला असता. इथं उलटंच! टनेलच्या छताला उंच पट्ट्या बसवल्यात त्या खिळ्यांच्या दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेवर. पट्टा उसळला की रबराचे दाते आधी पट्टीला टेकतात आणि खिळे शेजारी अधांतरी राहतात. खिळ्याला अडवायचंच नाही, पट्ट्याला अडवायचं! खिळा दात्यांच्या जितका वर, त्याहून पट्टी उंच हवी, एवढंच. आणि एकही खिळा ओळ सोडून बसता कामा नये, नाहीतर तो पट्टीच सोलणार. मी बॅटरी धरून ओळी मोजल्या. दोनदा.

कूलर वाचला तरी डांबर वाचत नाही, म्हणून खिळ्यांची गाडी इथल्या डांबरी सार्वजनिक ट्रेलवर न्यायला बंदी. केज व्हील डांबरीवर आणलं की आमच्याकडं गाव भांडायला उठतं, तेच हे!

रात्रभर झोप नाही. पुतण्याला दुकानात सहा फोटो धाडले, खाली हे सगळं लिहून. उत्तर आलं, "काका, ते ऱ्हाऊ द्या, दहा-अकराचा पाना कुठं ठिवलाय ते सांगा."