घडी

खोडदच्या मोकळ्या रानात, फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. विज्ञानदिनाची गर्दी होती. नारायणगावाकडून शाळांच्या सहली येऊन उतरत होत्या, आणि मुलांच्या रांगेला लागूनच वावरातलं काम तसंच टाकून आलेली माणसं टोप्या सावरत उभी होती. एका टेबलावर लहानसा स्पीकर होता आणि त्याच्या खरखरीच्या पडद्याआडून कुणीतरी संथपणे काही थापत असावं तसा नाद येत होता. थप्... थप्... थप्. माहिती देणारा मुलगा सांगत होता की हा एक स्पंदक, दर ०.७१ सेकंदाला त्याचा एक ठोका पडतो. मला त्याचं बोलणं जेमतेम ऐकू आलं. कानांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं की पलीकडे आई भाकरी थापते आहे.

पहाट असायची ती. गोधडीत अजून रात्रीची ऊब, चुलीचा धूर दाराच्या फटीतून सरकत आलेला, आणि परातीत पडणारे तिचे हात. बाजरीचं पीठ आधी ओलं, जड बोलायचं, मग भाकरी पसरत गेली की आवाज पातळ व्हायचा, आणि त्याच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, काचेच्या बांगड्या. घरात आठ माणसं. इतकी वर्षं तो ठेका इतका अचूक पडत राहिला की आम्हाला तो ऐकूच येईनासा झाला होता. जाग यायची ती आवाज थांबल्यावर.

स्पंदकाला खरं तर आवाज नसतोच. प्रचंड ताऱ्याचा स्फोट होऊन मागे उरलेला गाभा, जेमतेम एखाद्या शहराएवढा आणि तरी सूर्याहून जड, स्वतःभोवती फिरत राहतो. दीपगृहाचा झोत फिरावा तशा त्याच्या रेडिओलहरी फिरतात, आणि झोत आपल्यावरून गेला की एक ठोका. माणसाने त्या लहरींचा ध्वनी केला तो आपल्या कानांची कीव येऊन. खोडदच्या परिसरात, आणि तिथून लांबवर पसरलेल्या तीन बाहूंवर, रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या लहरी झेलत उभ्या आहेत. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या करवल्या, वारा अडू नये म्हणून. खाली उभं राहून वर पाहिलं की जाळीतून आभाळ दिसतं, पीठ चाळायच्या चाळणीतून दिसावं तसं. मी कितीतरी वेळ तशीच मान वर करून उभी होते.

असे ठोके सर्वांत आधी ओळखले ते जोसेलिन बेलने, १९६७ साली, केंब्रिजजवळ. चोवीस वर्षांची विद्यार्थिनी. साडेचार एकरांवरची तिथली दुर्बीण उभारताना खांब ठोकायला घण तिनेही उचलला होता. यंत्रातून रोज तीसेक मीटर कागद बाहेर पडे आणि त्यावरची शाईची रेघ ती डोळ्यांनी वाचत जाई, एकटी. त्या मैलोन्मैल कागदात तिला अर्ध्या इंचाहून मोठी नसलेली एक गिजबिज दिसली, जिच्यावरून दुसऱ्या कुणाची नजर सहज घसरली असती. तिने ती सोडली नाही. पुन्हा त्याच ठिकाणी दिसते का, म्हणून पाहत राहिली. नोव्हेंबरात कागद वेगाने सोडला तेव्हा गिजबिज सुटी झाली : दर १.३३ सेकंदाला एक ठोका.

मग वार्ताहर आले. शास्त्राचे प्रश्न तिचे मार्गदर्शक ह्यूइश यांना. तिला विचारलं ते अंगाची मापं किती आणि मित्र किती. १९७४चं नोबेल पारितोषिक ह्यूइश आणि त्यांचे केंब्रिजमधले सहकारी राइल यांना मिळालं, तिला नाही. तिने कधी आकांडतांडव केलं नाही, पण हे वाचताना माझ्या पोटात आजही काही तुटतं. २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचा सन्मान मिळाला तेव्हा ती सगळी रक्कम तिने भौतिकशास्त्रात सहसा ज्यांना जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकली.

बहुतेक स्पंदक इतके क्षीण असतात की त्यांचा एकेक ठोका खरखरीत बुडून जातो. मग गणित कामाला येतं. ठोक्याचा काळ माहीत असेल तर नोंदींची लांबच लांब पट्टी त्याच मापाने दुमडत जायची, घडीवर घडी. शंभर घड्या एकावर एक ठेवल्या की ठोका शंभरपट होतो, खरखर मात्र दहापटच वाढते, कारण ती कधी वर तर कधी खाली, स्वतःलाच खोडत जाते. घडी! मी भाषेची विद्यार्थिनी, या शब्दापाशी अडखळलेच. लुगड्याची ती घडी आणि क्षणाची तीही घडी. आई दुपारी नऊवारी घडी करायची तेव्हा काठावर काठ असा बसवायची की एक दोराही इकडचा तिकडे व्हायचा नाही. शाळा तिची चौथीतच सुटली होती.

आणि आपल्या मराठीत तो तारा, ती चांदणी, ते नक्षत्र. संस्कृतातली तारा स्त्रीलिंगी. मराठीत येता येता तिचा ‘तो’ कधी झाला? स्पंदकही ‘तो’च. अंगणात झोपताना आई मात्र आभाळातल्या सगळ्यांनाच चांदण्या म्हणायची, एकीलाही न वगळता.

गेल्या वर्षी मी तिला खोडदला ऐकलेल्या त्याच स्पंदकाची ध्वनिफीत ऐकवली. बोटं आता सुजतात, परात सुनेकडे गेली आहे. खिडकीशी बसून तिने डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिली. काय आहे, कुठलं आहे, काही विचारलं नाही. मग हळूच म्हणाली, “हात जड आहे गं हिचा. पण चुकत नाही.”

आणि मांडीवर तिचा तळवा हलू लागला.