डास नालीत नाही, घरात आहे

पोळा झाला, गणपती आले, तरी आमच्या गोंदियात खिडक्यांतले कूलर उतरले नाहीत. आज सकाळी शेजारच्या काकूंच्या कूलरची टाकी उघडली. तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. काकू म्हणाल्या, "पाणी तं स्वच्छ आहे जी!"

तिथंच तर मेख आहे. तलावांच्या या जिल्ह्यात डास म्हटला की आपण तलावाला, नालीला नावं ठेवतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास मात्र घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो दिवसाढवळ्या. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून टाकायचं. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. ब्रशनं घासायलाच हवं. धूरफवारणीनं उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

अंगात ताप असेल तर मेडिकलमधून मनानं अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन आणू नका. ताप डेंग्यूचा असेल तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना दाखवा. आणि आजच कूलर घासून, पुसून, कोरडा करून ठेवा.